थेंब वाळेपर्यंत

माझ्या आईचा शोध नखाएवढा आहे. खरंच नखाएवढा, तोही करंगळीच्या. एक पातळ, लवचीक पट्टी आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन काळे ठिपके. ही पट्टी दंडावर चिकटवायची आणि घाम गाळायचा, की झालं. आपण धावतो, ओझी उचलतो, तेव्हा घामात लॅक्टेट नावाचा पदार्थ उतरतो. पहिल्या ठिपक्यातलं एन्झाइम ते लॅक्टेट खातं आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. दुसरा ठिपका ते हवेतल्या ऑक्सिजनच्या हवाली करतो. मधल्या मध्ये इवलासा प्रवाह वाहू लागतो. बॅटरी नको, वायर नको. शिवाय प्रवाह किती यावरून लॅक्टेट किती ते कळतं, म्हणजेच माणूस किती दमलाय ते कळतं. आगीत शिरणाऱ्या बंबवाल्याच्या दंडावर अशी पट्टी असली, तर बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या साहेबाला वेळेत समजेल की आता याला परत बोलवा. पट्टी स्वतःच सेन्सर आणि स्वतःच स्वतःचं पोट भरणारी! हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की बाबा म्हणतात, "टकळे, मध्ये श्वास घेतेस का तू?"

टकळी म्हणजे मी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बसायचा. मग काय झालं कोण जाणे, यंदा तो उठला आणि परत बसायचं नाव घेत नाही.

तर, आमच्या शाळेने आम्हाला एक आठवडा कुठल्यातरी कामाच्या ठिकाणी जाऊन काम बघायला सांगितलं. माझी मैत्रीण बेकरीत गेली आणि रोज पावाचा वास घेऊन घरी आली. मी आईच्या लॅबमध्ये गेले. पण अट अशी की स्वतःच्या आईच्या हाताखाली काम करायचं नाही, म्हणून मला पुतळ्याच्या हवाली केलं.

पुतळा म्हणजे आईचा पीएच.डी.चा विद्यार्थी. हे नाव मी नाही ठेवलं, लॅबमध्ये सगळेच त्याला पुतळा म्हणतात, तो स्वतः फोन उचलूनही "पुतळा बोलतोय" म्हणतो. कारण त्याचे हात. थेंब सोडायची पिपेट घेऊन तो पट्टीवर ओणवा झाला की खांद्यापासून बोटापर्यंत काही म्हणजे काही हलत नाही. शाईचा काळाभोर थेंब टोकाला फुगतो, सुटतो आणि पट्टीवर आखलेल्या गोलाच्या बरोब्बर मध्यभागी बसतो. देवाने त्याला माणूस करता करता शेवटच्या क्षणी विचार बदलला असावा.

"दादा, तू शिंकतोस तरी का रे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"शिंकतो ना. सुट्टी काढून."

त्याने मला सगळं दाखवलं. कार्बनची शाई, तिच्यात कालवलेलं एन्झाइम, पट्टी वाळवायची काचेची पेटी, प्रवाह मोजायचं यंत्र. आणि एक बाटली, जिच्यावर लिहिलं होतं 'घाम'.

"कुणाचा?" मी बाटली पटकन खाली ठेवली.

"कुणाचाच नाही. पाणी, मीठ, लॅक्टेट, थोडा युरिया. बनवलेला घाम. रोज लॅबमध्ये कोण धावणार, बाईसाहेब?"

मला हे फार म्हणजे फारच आवडलं. आयता घाम! आमच्या खेळाच्या सरांना सांगायला हवं.

पण त्या लॅबमध्ये एक गोष्ट मला आवडली नाही. आई कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत काम करायची आणि दार लावून घ्यायची. दाराला काच होती, तिच्यावर आतून कागद चिकटवलेला. घरी आमच्या न्हाणीघराचीसुद्धा कडी धड लागत नाही, आणि इथे आई कडी लावून बसते!

"शाईवर ऊन नको पडायला, म्हणून," पुतळा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "असं मॅडम म्हणतात."

चहाच्या टेबलावर मला बाकीचं कळलं. तिथे लोक असं समजून बोलतात की शाळेच्या मुलीला कान नसतात. झालं होतं असं, की आईने या पट्ट्यांवर एक पेपर लिहिला होता आणि दुसऱ्या एका संस्थेतल्या लोकांनी तो वाचून तशाच पट्ट्या करून बघितल्या. तीच शाई, तेच एन्झाइम, तोच बाटलीतला घाम. त्यांना आईच्या निम्म्यानेही प्रवाह मिळेना. त्यांनी परत परत केलं. मग पुतळ्याने इथे करून बघितलं. त्यालाही मिळेना. जगात एकाच माणसाच्या हातून ती पट्टी नीट चालत होती, आणि ते माणूस कडी लावून बसत होतं.

"आत आकडे शिजतात की पट्ट्या, देव जाणे," एक जण म्हणाला. दुसरी फिसकन हसली आणि मग मला बघून तिने चहात तोंड घातलं.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पूर्वीची मी असते तर कप ठेवून निघून गेले असते. मी म्हटलं, "माझी आई बसच्या तिकिटाचे जास्त आलेले सुटे पैसेसुद्धा मागे जाऊन परत देते. आकडे कसले शिजवतेय ती!" आणि मग निघून गेले. पण जाताना माझी नजर त्या दाराकडे वळलीच, कारण कागद लावलेली काच मीसुद्धा बघितली होती.

त्याच दिवशी लॅबच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी आईला बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार मात्र कायम सताड उघडं असतं, त्यामुळे मी ऐकलं यात माझा काही दोष नाही.

"शुक्रवारी ते लोक येतायत," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर पट्टी करून दाखव. त्यांच्याकडूनही करून घे. चालली तर प्रश्न मिटला."

"आणि नाही चालली तर?"

"तर पेपर मागे घ्यावा लागेल. मग त्या कामाचा पैसा, माणसं, सगळंच. तुला काय सांगायचं मी?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अगं, मला माहितेय तू खोटं करणार नाहीस. पण मला माहीत असून काय उपयोग? दिसायला हवं ना."

आई तिथून थेट कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी पुतळ्याने मला पिपेट हातात दिली. "घ्या, दोन-चार पट्ट्या वाया घालवा." मी स्टुलावर बसले, जीभ दातात धरली आणि थेंब सोडला. तो गोलाच्या जरा डावीकडे पडला. दुसरा बरा पडला. पुतळ्याने माझ्या शेजारीच स्वतःची पट्टी केली, अर्थात सुबक. पेटीत जागा नव्हती, म्हणून आमच्या पट्ट्या आम्ही जिथे बसलो होतो तिथेच वाळत ठेवल्या. त्याची त्याच्या दगडी ओट्यावर, माझी माझ्या हलक्या लाकडी टेबलावर. मी तिच्याकडे बघत बसले. थेंब वाळताना बघणं म्हणजे काय सांगू, गवत वाढताना बघणं परवडलं.

"पाय," पुतळा म्हणाला.

"काय?"

"पाय हलवताय. सगळं टेबल नाचतंय."

ही माझी जुनी खोड. बसले की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो, शिवणयंत्र चालवल्यासारखा. आजीपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांनी त्यावरून माझी हजेरी घेतली आहे. मी पाय थांबवला. दोन मिनिटांनी तो परत सुरू झाला, मला न विचारता.

मग आम्ही पट्ट्या बाटलीतल्या घामात बुडवल्या आणि यंत्राला जोडल्या. पुतळ्याची रेघ पडद्यावर थोडी चढली आणि आडवी झाली, नेहमीसारखी. माझी चढली. चढली. चढतच गेली.

"तार सैल असेल," पुतळा म्हणाला. त्याने तार घट्ट केली. रेघ तिथेच. त्याने दुसरी तार लावली. रेघ तिथेच.

"नवशिक्यांचं नशीब!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. पुतळा मात्र हसला नाही. तो माझ्या वाकड्या ठिपक्याकडे असा बघत होता जसं त्याने पाळलेल्या पोपटाने अचानक इंग्रजीत उत्तर दिलं असावं.

मी मात्र तिथे थांबलेच नाही. आईला सांगायला धावले. आनंदात दार वाजवायचं राहून गेलं, आणि त्या दिवशी कडी नीट बसली नव्हती. दार उघडलं.

आई ओट्याशी बसली होती. उजव्या हातात पिपेट होती आणि त्या हाताचं मनगट तिने डाव्या हाताने गच्च धरलं होतं, आवरत नसलेलं कुत्रं गळपट्ट्याला धरून ठेवावं तसं. तरी पिपेटचं टोक थरथरत होतं. कोपर ओट्यावर दाबून, श्वास रोखून तिने थेंब सोडला. मग पट्टी ठेवलेली काच उचलून ती उभी राहिली. काचेवरचं झाकण सारखं किणकिणत होतं.

तेवढ्यात तिने मला बघितलं.

"दार लाव," ती म्हणाली.

मी दार लावलं. आणि, लिहिताना विश्वास बसत नाही, पण मला एक शब्द सुचला नाही.

"कधीपासून?" शेवटी मी विचारलं.

"तीनेक वर्षं झाली. आधी जरासाच होता. दमले म्हणून असेल असं वाटायचं." काच ओट्यावर ठेवून ती बसली आणि तिने हात मांडीवर ठेवला, तिथे तो शांत झाला. "स्वस्थ ठेवला की काही नाही. काही धरायला गेले, की सुरू."

"डॉक्टर काय म्हणाले?"

ती हसली. "डॉक्टरांना सांगितलं म्हणजे ते खरं होतं ना गं."

मग तिने मला आजोबांबद्दल सांगितलं. तिचे वडील, मी त्यांना फोटोतच पाहिलंय. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फूटपट्टी न लावता सरळ रेघ मारायचे, लोक बघायला थांबायचे. मग त्यांचा हात असाच थरथरायला लागला. गिऱ्हाइकांनी आधी दुर्लक्ष केलं, मग त्यांना फक्त पाटीची पार्श्वभूमी रंगवायला दिली आणि अक्षरांना दुसरा माणूस आणला. "कुणी वाईट वागलं नाही," आई म्हणाली. "सगळे इतकं चांगलं वागले की ते घरीच बसले. मला तसं चांगलं वागणारी माणसं नको आहेत. इथे कळलं ना, तर मला ओट्यावरून उठवून कागदपत्रांवर बसवतील. गोड बोलून बसवतील. मला थेंब सोडायचाय, टकळे. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडत नाही."

"पण आई, दार लावतेस म्हणून लोक म्हणतात..."

"माहितेय काय म्हणतात."

"मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. आणि बाहेर येऊन खरंच काही बोलले नाही. पुतळ्याने विचारलं, "बाईसाहेब, बरं नाही का? इतकी शांतता?"

त्या संध्याकाळी मी माझ्या हाताकडे बरेचदा बघितलं. आजोबा, मग आई. पुढे कोण, हे कळायला गणित यावं लागत नाही. मी हात पुढे करून बोटं ताणून बघितली. थरथरत नव्हती. पण थरथरतायत का हे बघण्यासाठी इतका वेळ हात ताणला तर कुणाचाही थरथरेल, म्हणून मी तो प्रयोग बंद केला.

दुसऱ्या दिवशी माझ्या पट्टीचं काय करायचं म्हणून पुतळा डोकं खाजवत होता. मी त्याला म्हटलं, "दादा, भिंगाखाली बघू या ना."

बघितलं. पुतळ्याच्या पट्टीवरचा ठिपका वरून काळा आणि गोल दिसायचा, पण भिंगाखाली ते नुसतं कडं होतं. काठाला शाई जाड साचलेली आणि मध्ये जवळजवळ उजाड. टेबलावर सांडलेला चहा वाळला की त्याची कडा गडद होते आणि आत फिकट राहतं ना, अगदी तसं. थेंब वाळताना त्यातलं सगळं सामान काठाकडे पळतं. आणि माझा वाकडा, गबाळा ठिपका? काठापासून काठापर्यंत एकसारखा. सारवल्यासारखा.

"हे असं का झालं?" पुतळा पुटपुटला. "तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काही नाही. नुसती बसले होते, तू तर मला ओरडत..."

आणि मी थांबले. पाय! टेबल नाचत होतं. थेंब वाळेपर्यंत हलत होता, म्हणून त्यातल्या सामानाला काठाला जाऊन बसायला फुरसतच मिळाली नाही. आणि मग माझ्या कानात किणकिण सुरू झाली, काचेवरच्या झाकणाची. आई थेंब सोडल्यावर काच हातात घेते. तिच्या खोलीतल्या पेटीपर्यंत नेते. पेटीतही धरूनच ठेवत असणार, काच घसरेल या भीतीने. तिचा थेंब तिच्या हातातच वाळतो.

"काय झालं?" पुतळ्याने विचारलं.

मला ओरडायचं होतं. खरं सांगते, टेबलावर चढून ओरडायचं होतं. माझी आई खोटारडी नाही, ऐका हो सगळे! शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण ते सांगायचं तर हाताचं सांगायला हवं, आणि हात माझा नव्हता.

"पाणी पिऊन येते," मी म्हटलं, आणि आईच्या दारावर टकटक केली.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हा अंदाज झाला. करून बघू." तिने दोन पट्ट्यांवर थेंब सोडले, त्याच शाईचे. एक ओट्यावर ठेवून दिली, दगडासारखी स्वस्थ. दुसरी हातात धरली. आम्ही दोघी बघत बसलो.

पहिली पट्टी पुतळ्याच्या पट्टीसारखी निघाली. मेलेली. दुसरीची रेघ चढत गेली.

आईने ते तीनदा केलं, कारण ती आई आहे. मग स्टुलावर बसली.

"तीन वर्षांपूर्वी मी शाईची कृती बदलली," ती हळूच म्हणाली. "त्यानंतर पट्ट्या चालायला लागल्या. मला वाटलं शाईमुळे. अख्खा पेपर शाईवर लिहिलाय मी. त्याच दिवसांत हात बिघडला होता. मी एकदाही दोन्ही शेजारी ठेवून बघितलं नाही. बघायचंच नव्हतं मला."

"मग आता सोपं आहे!" मला धीर धरवेना. "ओट्याखाली एक छोटी मोटार लावू. जुन्या फोनमधली, घूंऽऽ करते ती. कुणाच्याही पट्ट्या चालतील! हाताचं सांगायचंच कशाला?"

"आणि ते विचारतील, मोटार तर आज आली, मग पेपरातले आकडे कुठून आले?"

मोटारीने पुढच्या पट्ट्या वाचल्या असत्या. मागच्या सगळ्या पट्ट्यांना साक्षीदार एकच होता.

"हात लपवला तर मी खोटारडी ठरते," आई म्हणाली, "आणि दाखवला तर..." तिने यंत्र बंद केलं. "तू जा आता. पुतळा वाट बघत असेल."

शुक्रवारी पाहुणे आले. एक वयस्कर, जाड चष्म्याचे, अतिशय सभ्य गृहस्थ, आणि त्यांची सहायक, जिने तीच पट्टी परत परत करून हात टेकले होते. तिचा चेहरा असा होता की आता काय तो सोक्षमोक्ष लावूनच जेवणार. मोठ्या बाई आल्या. चहाच्या टेबलावरचेही आले, काम असल्यासारखं दाखवत. पुतळा भिंतीशी उभा राहिला. आईने त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं नाही. मधल्या मोठ्या ओट्यावर, सगळ्यांच्या समोर, तिने पट्ट्या मांडल्या.

तिने पिपेट उचलली. डावा हात मांडीवरच ठेवला.

टोक थरथरायला लागलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त. थेंब पट्टीच्या कडेला पडला. आईने ती पट्टी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"मॅडम, हवं तर आम्ही बाहेर थांबतो," चष्मेवाले अगदी मायेने म्हणाले. "सगळे असे भोवती उभे, कुणीही घाबरेल."

"मी घाबरलेली नाही," आई म्हणाली. "हात असाच आहे."

मोठ्या बाईंनी मान वर केली. आईने दुसरा थेंब सोडला, तो बरोबर बसला. मग ती त्या सहायक मुलीकडे वळली. "आता तुम्ही करा. तुमच्या पद्धतीने, तुमच्या हाताने. दोन पट्ट्या."

मुलीने दोन थेंब सोडले. नीट, नेटके.

"एक इथेच राहू द्या. दुसरी माझ्या हातावर ठेवा."

"हातावर?"

"तळहातावर. काचेसकट."

मुलीने चष्मेवाल्यांकडे बघितलं, मग काच आईच्या तळहातावर ठेवली. आणि आई तशीच उभी राहिली, हात पुढे करून, सगळ्यांच्या मधोमध. काच थरथरत होती, थेंब थरथरत होता, वरच्या दिव्याचं प्रतिबिंब थेंबात नाचत होतं. लोक आधी आईच्या हाताकडे बघत होते, मग दुसरीकडे बघायला लागले, जसं कुणी रडत असलं की बघतात. पण आई रडत नव्हती. थेंबाकडे बघत होती, आणि तिला बघून हळूहळू बाकीचेही थेंबाकडेच बघायला लागले. सगळ्यात आधी पुतळा. तो भिंतीपासून सुटला आणि काचेवर ओणवा झाला. मग हळूच म्हणाला, "कडं धरत नाहीये. बघा ना. कडं धरतच नाहीये."

यंत्राने त्या मुलीच्या दोन्ही पट्ट्या मोजल्या. ओट्यावरची मेली. आईच्या हातावरची चढली, थेट पेपरातल्या आकड्यापर्यंत. ती मुलगी पडद्याकडे बघत खुर्चीत बसली. "म्हणजे मी वेडी नाहीये," ती म्हणाली. सगळे एकदम हसले, आणि तिचे डोळे भरले होते हे फक्त मला दिसलं.

"मी पेपरात शाईला श्रेय दिलं," आई म्हणाली. "ते चुकलं. आकडे खरे आहेत, कारण चुकीचं आहे. ते दुरुस्त करून छापायला पाठवणार आहे."

चष्मेवाल्यांनी वही काढली. "पण मॅडम, हे कृतीत लिहायचं कसं?"

"लिहा," आई म्हणाली, "थेंब वाळेपर्यंत पट्टी हातात धरावी. हात कापरा असावा."

ती हे इतक्या गंभीरपणे म्हणाली की त्यांनी अर्धं वाक्य लिहूनही घेतलं.

माझा आठवडा संपला होता, पण शाळा सुटली की मी लॅबमध्ये जातेच. सोमवारी पुतळ्याने ओट्याखाली मोटार बसवली. तीन पट्ट्या बिघडल्या आणि मग चौथीपासून कुणाच्याही हातची चालू लागली, त्याच्यासुद्धा. मोठ्या बाईंनी आईला बोलावलं आणि गोड आवाजात सुरुवात केली, "आता पट्ट्या मुलं करतील, तू जरा..." आई म्हणाली, "बाई, मला कागदपत्रं नकोत. बाटलीतला घाम पुरे झाला. मला बंबवाल्यांकडे जायचंय, खऱ्या दंडावर पट्टी लावायला. त्यांच्या घामात एन्झाइम कसं टिकतं, कातडीवर काय होतं, ते कुणी बघितलेलंच नाही." मोठ्या बाई विचार करते म्हणाल्या. हे लिहीपर्यंत त्या विचारच करतायत. सगळं काही छान झालं असं मी लिहिणार नाही. आता ओट्यावर आईची गरज उरलेली नाही, आणि ती तिने स्वतःच्या हाताने संपवली. मधून मधून ती पुतळ्याच्या मागे उभी राहून थेंब पडताना बघते. तेव्हा मी तिच्याशी बोलत नाही.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हं." त्यांना आधीच माहीत होतं. माहीत आहे हे त्यांनी आईला कळू दिलं नव्हतं, इतकंच. आई त्यांच्यावर जेवण होईपर्यंत रागावली होती.

मग आई डॉक्टरांकडे गेली. मला बरोबर नेलं, कारण बाबांना नेलं तर ते डॉक्टरांनाच धीर देत बसतील असं ती म्हणाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आईला हात पुढे करायला लावला, नाकाला बोट लावायला लावलं, मग एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "मधून सुरुवात करा आणि बाहेर बाहेर गोल फिरवत न्या. डासांच्या उदबत्तीसारखं वेटोळं. हात टेकवायचा नाही."

आईने वेटोळं काढलं. रेघेला करवतीसारखे दात आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा घराण्यात चालणारा कंप दिसतोय, यावर गोळ्या आहेत, काहींना लागू पडतात, काहींना नाही, बघावं लागेल. आई ऐकत होती, पण डोळे कागदावर होते. तिने दातांमधलं अंतर बोटाने मोजलं. मग म्हणाली, "हा कागद फायलीत ठेवाल ना? गोळ्या सुरू केल्यावर परत काढला म्हणजे फरक दिसेल."

"हो, तशीच पद्धत आहे."

"आणि तुलनेला एक हवा," आई म्हणाली, आणि पेन माझ्याकडे दिलं.

मला कळलं ती काय विचारतेय. डॉक्टरीणबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसरा कागद काढला. मी पेन घेतलं. पाय खुर्चीच्या दांडीला घट्ट अडकवून ठेवला, म्हणजे उगाच त्याच्यावर आळ नको. मधून सुरुवात केली आणि बाहेर बाहेर गेले. आई माझ्या हाताकडे बघत नव्हती, फक्त रेघेकडे बघत होती, जशी ती पडद्यावरच्या रेघेकडे बघते, काहीही निघालं तरी ते निघालं असं मानून.

रेघ गुळगुळीत आली. आईने तिच्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं, आणि कोपऱ्यात तारीख घातली. अक्षरं हलत होती, पण वाचता येत होती.